शाळेच्या व्हॅनने नेपाळ

आमच्या घरात फॉरेनचा विषय पहिल्यांदा काढला तो माझ्या मुलीने, वरणात भाकरी कुस्करता कुस्करता. ती तेव्हा सहावीत होती. माझा नवरा शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅन चालवायचा. सुरतेतल्या घोडदोड रोडच्या सोसायट्यांमधली मुलं सकाळी शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. परतीच्या फेरीत तो आमच्या मुलीलाही तिच्या शाळेपाशी गाडीत घ्यायचा, आणि त्या मुलांच्या गप्पा ऐकत ती आमच्या नवागामच्या वस्तीपर्यंत यायची. दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. व्हॅनमधलं कुणी सिंगापूरला जाणार होतं, कुणी दुबईला.

"पप्पा, आपण फॉरेनला कधी जायचं?" तिने विचारलं.

नवरा जेवत राहिला. ती त्याच्या डाव्या बाजूला बसली होती, म्हणून मला वाटलं, त्याला ऐकूच गेलं नसेल. पण थोड्या वेळाने त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "लुंबिनी कुठे आहे गं?"

"नेपाळमध्ये."

"आणि नेपाळ?"

तिने जरा विचार केला. "फॉरेन."

"मग दिवाळीत जाऊ. आपल्या गाडीने."

मला ती जेवतानाची थट्टा वाटली. आमच्या वस्तीतली माणसं सुट्टीत गावी जायची, धुळ्याकडे नाहीतर जळगावकडे. बौद्ध घरांतली माणसं फार तर नागपूरला जाऊन यायची, तीही रेल्वेने, शिदोरी बांधून. स्वतःची गाडी घेऊन देशाबाहेर गेलेलं माणूस आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याने व्हॅन गल्लीतच उभी केली, मागच्या सीटखाली पाय दुमडून बसला आणि स्टो कुठे बसेल याचं माप घेऊ लागला, तेव्हा मला कळलं की हा खरंच निघाला.

त्याच्या डाव्या कानाबद्दल इथेच सांगून टाकते. वयाच्या सोळाव्या वर्षापासून तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. एका पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने लूम चालत आणि त्या आवाजात दिवसच्या दिवस काढावे लागत. त्यात त्याचा डावा कान जवळजवळ गेला आणि उजवाही थोडा कमी झाला. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने जुनी व्हॅन घेतली. कानाचं फक्त मला ठाऊक होतं. मुलांच्या आईबापांना कळलं तर कुणी आपली मुलं त्याच्या गाडीत बसवणार नाही, ही त्याला भीती. शहरात तो फार सावकाश चालवायचा, आरशात सारखा बघायचा, आणि त्याचं निभत होतं. मी बरोबर असले की त्याच्या डावीकडे बसायचे. मागून ट्रकने हॉर्न दिला की मी त्याच्या गुडघ्यावर एक टपली मारायची. डावीकडून कुणी येत असेल तर दोन. आमचं हे बोलणं तिसऱ्या कुणाला कळायचं नाही.

गाडी मलाही येत होती. त्यानेच शिकवली होती, कडोदऱ्याच्या रस्त्याला एका डाइंग मिलच्या भिंतीमागे मोकळी जागा होती तिथे, दर रविवारी सकाळी. मिलमधल्या बॉयलरची राख तिथे टाकलेली असायची. मी क्लच सोडला की गाडी बकरीसारखी उडी मारायची आणि काळी धूळ उठायची. पुढे लायसनही निघालं. पण त्याचा उपयोग काही नव्हता. शाळेच्या मुलांना बाई ड्रायव्हर कोण देणार, असं नवरा म्हणायचा, आणि मला ते पटायचं. मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचे. गठ्ठा घेऊन यायचा, दुपारभर टिकल्या लावायच्या, संध्याकाळी साड्या परत. व्हॅन चालवायची ती रविवारी, ती रिकामी असताना.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळेच माय म्हणायचो. सासरे रेल्वेत गँगमन होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. माय घरात अहिराणीच बोलायची, मुलं तिला गुजरातीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं एकमेकांशी छान चालायचं. मी गाडी शिकायला लागले तेव्हा ती म्हणाली होती, "बाईमानूस गाडी चालाडी, मंग भाकरी कोन करी?" नेपाळचं ऐकून मात्र ती एवढंच म्हणाली, "मी बी येस." तिच्याशिवाय आम्ही निघणारही नव्हतो.

निघालो तेव्हा गाडीत आम्ही पाच जण. मी, नवरा, माय, मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. मागची एक सीट काढून तिथे गाद्या टाकल्या होत्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवड्याचा डबा, स्टो, रॉकेलचा कॅन आणि पाण्याचा मोठा जार बरोबर घेतला. व्हॅनच्या मागच्या काचेवर 'शाळेची मुलं' असं गुजरातीत रंगवलेलं होतं. ते पुसायचं राहून गेलं, आणि सबंध उत्तर हिंदुस्थान आम्ही तीच पाटी मिरवत गेलो. सुदैवाने ती तिथे कुणाला वाचता येत नव्हती.

धुळ्यापर्यंतचा रस्ता पाठ होता. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, साक्री. धुळ्याच्या चौफुलीवर आमची गाडी दरवेळी गावाच्या रस्त्याला लागायची. त्या दिवशी नवऱ्याने ती उत्तरेला वळवली. मायने मागे वळून गावाच्या रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग पदर सावरून ती पुढे बघायला लागली. तापी ओलांडली, सेंधव्याचा घाट आला. घाटात मी पुढेच बसले होते. ट्रकच्या हॉर्नप्रमाणे माझ्या टपल्या चालू होत्या, आणि आम्ही न अडखळता वर चढलो. वर चहा पिताना नवरा खुशीत होता. "असाच हिमालय पण चढू," तो म्हणाला.

प्लेग येऊन गेल्याला तेव्हा एकच वर्ष झालं होतं. सुरतेत आता रस्ते झाडलेले असायचे, गटारी उपसलेल्या असायच्या, आमच्या नवागामातसुद्धा कचऱ्याची गाडी येऊ लागली होती. आम्ही ते सगळं मागे टाकलं होतं. बाहेरच्यांनी टाकलं नव्हतं. झाशीच्या अलीकडे एका लॉजवाल्याने आमच्या गाडीचा नंबर पाहिला आणि विचारलं, "गुजरात में कहाँ से?"

"सूरत," नवरा म्हणाला.

तो माणूस एक पाऊल मागे सरकला. खोल्या भरल्या आहेत म्हणाला. मागे भिंतीवर खोल्यांच्या किल्ल्या रांगेने टांगलेल्या दिसत होत्या. मुलीला ते कळलं आणि ती रडवेली झाली. मायला राग आला, पण तो तिने अहिराणीत काढल्यामुळे लॉजवाल्याचं काही बिघडलं नाही. आम्ही पुढे एका पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी लावली. पंपावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराने नळ दाखवला आणि स्वतःची खाट मायसाठी ओढून आणून दिली. आम्ही कुठले, हेही त्याने विचारलं नाही.

कानपूर, लखनौ, गोरखपूर करत आम्ही सीमेवर पोचलो. मी परदेशाची सीमा म्हणजे मोठी नदी, पूल, बंदूकवाले शिपाई असं काहीतरी धरून बसले होते. तिथे एक कमान होती. तिच्याखालून सायकली, बैलगाड्या, डोक्यावर भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया मजेत इकडून तिकडे जात होत्या. आपल्या गाडीचा मात्र कागद करावा लागतो. नेपाळी जकातीच्या हपिसात टोपी घातलेल्या साहेबाने विचारलं, कुठून आलात. झाशीच्या अनुभवानंतर नवऱ्याला ते नाव घ्यायचा धीर होत नव्हता. तो नुसतंच "गुजरात" म्हणाला. साहेबाने गाडीची कागदपत्रं उलटली आणि मान वर केली.

"सूरत? साडीवाला सूरत?"

"हो," नवरा म्हणाला.

"इतकी लांब गाडी चालवत आलात?" त्याने हिंदीत विचारलं, उठून खिडकीतून आमची व्हॅन पाहिली, तिच्यातून डोकं बाहेर काढून बसलेली माय पाहिली आणि शिक्का मारला.

कमान ओलांडून थोडं पुढे गेलो, तर मागून मुलगी ओरडली, "मम्मी, अहीं तो बधुं मराठीमां लखेलुं छे."

खरंच तसं होतं. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, बसच्या कपाळावरची नावं, सगळी आपल्याच अक्षरांत. माझी मुलं गुजराती शाळेत शिकत होती. मराठी मी त्यांना घरी बसवून शिकवायचे आणि ती जांभया देत शिकायची. सुरतेत रस्त्यावर ते अक्षर फारसं दिसत नाही, त्यामुळे हे मम्मीचं काहीतरी घरातलं प्रकरण आहे अशी त्यांची समजूत होती. आता एका आख्ख्या परदेशाने ते अक्षर पाट्यांवर लावलं होतं. धाकटा खिडकीला नाक लावून एकेक अक्षर जुळवायला लागला. "खा-ना पा-इ-न्-छ." म्हणजे जेवण मिळेल, हे त्याने दारातलं पातेलं बघून ताडलं. त्या दिवशी मला त्याला वाच म्हणावं लागलं नाही.

लुंबिनीला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. माय सकाळपासून नवी पांढरी साडी नेसून बसली होती. गाडीत बसून साडी चुरगळली, त्याचंच तिला वाईट वाटत होतं. वस्तीतल्या विहारात तिने लुंबिनीचं चित्र वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यात महाल होता, कमळं होती, दासी होत्या. इथे सगळीकडे खोदकाम चाललं होतं. मातीचे चर, विटांचे जुने पाये, वर पत्रे टाकलेले. बाजूला अशोकाचा दगडी खांब लोखंडी कठड्यात उभा. एक चौकोनी तळं, आणि तळ्याकाठी एक मोठं झाड, त्याला रंगीत पताका बांधलेल्या. माणसं फारशी नव्हती. एक म्हातारे भंते झाडाखालची पानं झाडत होते.

मला मायची काळजी वाटली. इतक्या लांब आणून हे दाखवलं, असं तिला वाटलं तर? ती खांबापाशी बराच वेळ उभी राहिली. मग तळ्याला वळसा घालून झाडाखाली गेली आणि मला विचारलं, "आठेच जलमनात ते? म्हालमा नही?"

मी तिला सांगितलं, हो, बुद्धांचा जन्म इथलाच, महालातला नाही; राणी माहेरी चालली होती, वाटेतच दिवस भरले. इथल्या बागेत झाडाची फांदी धरून ती उभी राहिली आणि इथेच बाळंत झाली.

माय खाली बसली. जमिनीवरून तिने हात फिरवला. "मना जलम बी झाडखालेच व्हयेल शे," ती म्हणाली. मग तिने सांगितलं, तिची आई दुसऱ्याच्या शेतात कापणीला गेली होती, तिथेच बांधावरच्या निंबाखाली तिला कळा आल्या. बायांनी लुगड्याचा आडोसा केला. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा कापणीला. लहानपणी पोरं तिला 'बांधावरची' म्हणून चिडवायची, म्हणून ही गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही ती ठाऊक नव्हती. तो पायातल्या चपला काढून तिच्याजवळ बसला, उजवा कान तिच्याकडे करून, म्हणजे सगळं नीट ऐकू यावं. मायचा चेहरा मी इतका मोकळा क्वचितच पाहिला होता. तिने त्रिशरण म्हटलं, आम्ही तिच्यामागून म्हटलं, आणि पानं झाडणारे भंते झाडू टेकवून आमच्याबरोबर म्हणायला उभे राहिले. चाल वेगळी होती, शब्द तेच होते.

त्या भंतेंनीच आम्हाला धर्मशाळेत जागा दिली, आणि सकाळी हिंदीत विचारलं, "इथपर्यंत आलात आणि बर्फ न बघताच जाणार?" बुटवलवरून वर डोंगरात पाल्पा म्हणून गाव आहे, तिथल्या टेकडीवरून हिमालय दिसतो, अर्ध्या दिवसाचा रस्ता, ते म्हणाले. मुलं नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागली. त्याने गाडीचं पाणी आणि ऑइल तपासलं आणि आम्ही निघालो.

बुटवल संपलं की रस्ता सरळ डोंगराच्या फटीत शिरतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल खाली नदी. रस्ता एका गाडीचाच, आणि दर थोड्या अंतरावर आंधळं वळण. पाटी सगळीकडे एकच, 'हर्न बजाउनुहोस्'. धाकट्याने ती दोनदा मोठ्याने वाचली आणि तिसऱ्या वळणावर त्याला उलटी झाली. त्याला सांभाळायला मी मागे गेले. मायला डोंगर बघायचे होते, म्हणून ती पुढे माझ्या जागेवर बसली. टपल्यांचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी मुलाचं तोंड धूत होते, मुलगी पिशवी धरून होती, आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही की नवऱ्याला ऐकणारं माणूस आता पुढे नाही.

मला हॉर्न ऐकू आला. लांब, खणखणीत, वळणापलीकडून. मला वाटलं, आता गाडी थांबेल. ती थांबली नाही. हॉर्न पुन्हा आला, अगदी जवळ, आणि मी किंचाळले, "अहो, थांबा." वळणातून बसचं निळं तोंड बाहेर आलं. नवऱ्याने स्टिअरिंग कड्याच्या बाजूला दाबलं आणि ब्रेक मारला. व्हॅनचं डावं चाक गटारात गेलं, गाडी कड्याला घासत कलली आणि बंद पडली. बस वीतभर अंतरावर थांबली. चिवड्याचा डबा उलटून चिवडा सगळीकडे झाला होता. कुणाला काही लागलं नव्हतं.

बसचा ड्रायव्हर खाली उतरला. तो शिव्या देईल असं मला वाटलं. त्याने आधी आत वाकून मुलांकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि मग आपल्या बसमधल्या माणसांना हाक मारली. सगळ्यांनी मिळून चाक गटारातून उचललं. जाताना तो नवऱ्याला हिंदीत म्हणाला, "भैया, मी इतक्या लांबून हॉर्न देत होतो." बस निघून गेली आणि नवरा रस्त्याकडेच्या दगडावर बसला.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. मग मायकडे बघून पुन्हा म्हणाला, जणू तिला समजलं नसेल, "माय, माले ऐकू येत नही. डावा कान गयेल शे. बरीच वर्षं झाली."

माय त्याच्याजवळ गेली. "माले ठाऊक शे," ती म्हणाली. "डावी बाजूथीन हाक मारी का तू उजवीकडे देखस. तुनी माय शे मी."

नदीचा आवाज तेवढा येत होता. नवऱ्याला तोही येत नसावा, असं तेव्हा माझ्या मनात आलं. मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली.

"तू चालव."

मी म्हटलं, "मी डोंगरात कधी चालवलेली नाही. सेंधव्यालासुद्धा तुम्हीच चालवत होता."

"तुला ऐकू येतं," तो म्हणाला. "बाकी मी सांगतो."

परत फिरायचं म्हटलं तरी कुणीतरी चालवायलाच हवी होती, आणि वळवायला तिथे जागाही नव्हती. मी बसले. सीट पुढे ओढली. नवरा माझ्या शेजारी बसला, माय मागे मुलांजवळ. कडोदऱ्याच्या राखेच्या मैदानात तो जसं सांगायचा तसंच सांगू लागला, फक्त या वेळी हलक्या आवाजात, जे त्याला एरवी जमत नसे. "पहिलाच गिअर. घाई नाही. क्लच अर्धा. हां." प्रत्येक वळणाआधी मी हॉर्न द्यायचे आणि कान टवकारून थांबायचे. पलीकडून उत्तर आलं तर कडेला घेऊन उभी राहायचे. नाही आलं तर पुढे. माझ्या तळहातांना इतका घाम होता की मी ते सारखे साडीला पुसत होते. एका चढावर गाडी बंद पडली आणि मागे सरकली. मागे रस्त्याची कड होती आणि त्याखाली काही नव्हतं. नवऱ्याने हँडब्रेक ओढला, माझ्याकडे न बघता. "पुन्हा," तो म्हणाला. मी पुन्हा चालू केली.

समोरून ओझ्याचे ट्रक यायचे. त्यांतले काही ड्रायव्हर साडी नेसलेली बाई चालवते आहे हे पाहून गाडी थांबवून वाट द्यायचे. एकाने खिडकीतून हात हलवत "बिस्तारै, दिदी, बिस्तारै" असं सांगितलं. मुलीने लगेच मला अर्थ सांगितला, त्याच्या हाताच्या खुणेवरून तिने तो ताडला होता. सावकाश. मला त्याहून वेगळं काही करताही येत नव्हतं. कितीतरी वळणांनंतर माझ्या लक्षात आलं की मी खांदे खाली सोडले आहेत. हॉर्न देणं, थांबणं, ऐकणं, निघणं, याला एक लय आली होती. मागे माय मुलांना चिवडा वेचून भरवत होती, आणि धाकटा झोपला होता.

पाल्पाला पोचलो तेव्हा गाव संध्याकाळच्या उन्हात होतं. उतारावरच्या फरसबंद गल्ल्या, लाकडी खिडक्यांची घरं. ज्या घरात खोली मिळाली तिथल्या बाईने लाल फुलांची साडी नेसली होती. तिच्या काठावर टिकल्या होत्या, आणि त्यांतली एक सुटून लोंबत होती. मी न राहवून ती बोटाने दाबली. बाई दचकली. मी तिला म्हटलं, ही साडी आमच्या गावची आहे, अशा टिकल्या मीही चिकटवते. तिला ते खरं वाटेना. मग तिने घरातल्या सगळ्यांना बोलावून मला दाखवलं, आणि सुरत किती लांब आहे असं विचारलं. मला नेमकं सांगता येईना. मी म्हटलं, आमची गाडी आली, म्हणजे फार लांब नसेल.

सकाळी टेकडीवर चढलो. मायला मी आणि मुलीने दोन्ही बाजूंनी धरलं होतं. वरती देवदारांच्या मधून मोकळी जागा होती, आणि समोर तो होता. मी आधी त्याला ढग समजले. ढगांच्या वर ती पांढरी ओळ आहे हे कळायला जरा वेळ गेला. धाकट्याने विचारलं, "यावर रस्ता आहे का?" नवरा हसला. "असला तर मम्मी चालवेल," तो म्हणाला.

उतरताना आणि पुढे गोरखपूरपर्यंत मीच चालवली. तिथून आम्ही आळीपाळीने चालवत आलो, आणि तो चालवायचा तेव्हा पुढे मी. वाटेत कुठेतरी, चहा पिताना, तो म्हणाला, "शाळेच्या मुलांना मी यापुढे अशी नाही नेणार. ते बरोबर नाही." मी त्याचाच विचार करत होते, पण ते त्याने म्हणावं असं मला वाटत होतं.

सुट्टी संपायच्या आधी तो सरकारी दवाखान्यात कान दाखवून आला. उजव्या कानाला मशीन बसलं. डाव्यासाठी काही करता येणार नाही म्हणाले. मग तो सोसायट्यांमध्ये स्वतः गेला आणि प्रत्येक घरी सांगितलं की कान कमी झालेत, यापुढे गाडी माझी बायको चालवेल, मी बरोबर बसेन, मुलं चढवीन-उतरवीन. दोन घरांनी मुलं काढून घेतली. बाकीच्या बायांनी मला पहिल्या दिवशी नीट न्याहाळलं. त्यांतल्या एकीने गुजरातीत विचारलं, "तमने आवडे छे?" म्हणजे, येते का तुम्हाला?

मी काही म्हणायच्या आत, त्या दिवशी सकाळीच गाडीत येऊन बसलेली माझी मुलगी मागून म्हणाली, "मारी मम्मीए नेपाळमां चलावी छे."

सिंगापूरला जाऊन आलेल्या मुलाने लगेच विचारलं, नेपाळ फॉरेन असतं का. ती म्हणाली, हो, आणि तिथे सगळं मराठीत लिहिलेलं असतं. तो वाद शाळा येईपर्यंत चालला. नवऱ्याच्या कानात मशीन नवंच होतं. त्याने ते दोनदा काढून बघितलं आणि मला म्हणाला, "ही पोरं एवढं बोलतात हे मला ठाऊकच नव्हतं."

ती व्हॅन मी पुढे बरीच वर्षं चालवली. मुलं काढून घेतलेल्या दोन घरांपैकी एकाने वर्षभरात मुलगी परत पाठवली. टिकल्यांचा गठ्ठा बंद झाला, कारण दुपारी वेळच मिळेना. भाकऱ्या मायने स्वतःकडे घेतल्या. शेजारणी विचारायच्या, सून कुठे गेली, तेव्हा ती पिठाचे हात झटकत म्हणायची, "गाडीवर गयी," आणि तव्यावरची भाकरी उलटायची.